आपल्या परसात कोणते झाड लावावे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून झाडांविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. येथे निकालांची, शिष्यवृत्त्यांची, मुलींच्या पुढील शिक्षणाची चर्चा होते आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु आज मी जो विषय निवडला आहे तो आपल्या सर्वांच्या घराला लागून असलेला आहे. घराभोवतीची जागा, मग ती दोन गुंठे असो की वीस, तिच्यात काय लावावयाचे, हा तो विषय होय.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत त्या एका दिवसात नारळी-पोफळीच्या बागा, आंब्याची जुनी झाडे, घरांवरचे पत्रे आणि कौले यांची काय अवस्था झाली, हे मी आपणांस सांगावयास नको. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' वादळ किनाऱ्याला घासून गेले. पिढ्यान्‌पिढ्या सावलीत असलेली अंगणे उघडी पडली. त्या जागांत पुन्हा काय लावावे, हा प्रश्न तेव्हापासून अनेक घरांपुढे आहे. काहींनी तो सिमेंटचे ठोकळे बसवून सोडविला. काहींनी रोपवाटिकेत जाऊन जे लवकर वाढेल ते आणले. पुष्कळांनी अजून काहीच ठरविलेले नाही. मी विशेषेकरून त्या ठरवू न शकलेल्या मंडळींसाठी बोलत आहे.

आपल्या समाजाची आणखी एक अडचण आहे आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय बागेविषयी बोलणे व्यर्थ होय. कुवेत, सौदी, दुबई, नाहीतर मुंबई, अशा ठिकाणी घरातील कर्ते पुरुष असतात. कित्येकदा सारे कुटुंबच असते. बंगला बांधून तयार असतो, पण वर्षातील दहा-अकरा महिने त्याला कुलूप असते. रोज पाणी घालणारे कोणी नाही. तेव्हा आपल्याला अशी झाडे पाहिजेत, की जी एकदा रुजली म्हणजे आपल्या पायावर उभी राहतील. ती झाडे कोठून आणावयाची? माझे उत्तर असे आहे, की ती बाहेरून आणावयाची गरजच नाही. ती याच मातीतली आहेत.

सदाहरित म्हणजे काय?

प्रथम शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. ज्याचे पान कधीच गळत नाही ते सदाहरित, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. पान जन्मास आले की केव्हातरी गळणारच. साग, पांगारा, काटेसावर ही पानझडी झाडे कोरड्या दिवसांत पाणी वाचविण्यासाठी आपली पाने एकदम टाकून देतात. सदाहरित झाड जुनी पाने थोडी थोडी गाळते आणि नवी पालवी येतच राहते. त्यामुळे ते कधी उघडे पडत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आता हे वैशिष्ट्य पशुपक्ष्यांच्या दृष्टीने पाहा. कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या डोंगरांकडे नजर टाका. ऐन, किंजळ, साग यांचे नुसते सांगाडे उभे असतात, गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि कोठे ना कोठे वणवा लागलेला असतो. त्या दिवसांत पाखराने उन्हापासून आडोसा कोठे घ्यावा? घरटे कोठे लपवावे? ज्या परसात बकुळ, फणस, रातांबा यांचा दाट पाला आहे, तेथे ते येते. पावसाळ्यात सलग चार-चार दिवस झड लागते, तेव्हाही याच पाल्याखाली त्याला कोरडी फांदी मिळते. म्हणून वन्यजीवांसाठी बाग करावयाची, तर तिचा कणा सदाहरित झाडांचा असला पाहिजे.

परंतु नुसते हिरवे असून भागत नाही. ऑस्ट्रेलियन बाभूळ, जिला आपल्याकडे अकेशिया म्हणतात, तीही सदाहरितच आहे. ती भराभर वाढते, सरपणाला उपयोगी पडते, जनावरे तिला तोंड लावीत नाहीत. म्हणून १९८० नंतरच्या काळात सामाजिक वनीकरणातून ती गावोगाव लागली. पण तिच्याखाली जाऊन उभे राहा. जमिनीवर विळ्याच्या आकाराच्या वाळक्या पानांचा थर असतो आणि तो लवकर कुजत नाही. वर पाहिले तर पाने कुरतडलेली फारशी दिसत नाहीत. आपल्याला वाटते, किती निरोगी झाड! खरे म्हणजे आपल्याकडील फार थोड्या किड्यांना त्या पानाची ओळख आहे. जेथे किडा नाही, तेथे किडे टिपणारे पाखरू कशाला येईल?

कुरतडलेल्या पानाची गोष्ट

येथे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. घरोघरी कढीपत्ता असतो. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानावर पाखराच्या शिटेसारखा दिसणारा काळा-पांढरा ठिपका दिसला, तर तो पुसून टाकू नका. ती बहुधा कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराची लहान अळी असते. शीट समजून पक्ष्याने तिला सोडून द्यावे, म्हणून निसर्गाने तिला हे रूप दिले आहे. अळी मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा तांबडा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही अळी लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते. गुलमोहराच्या पानावर तिला ठेवले तर ती उपाशी मरेल.

असे का होते? प्रत्येक झाड आपली पाने वाचविण्यासाठी त्यांत काही ना काही कडू, उग्र किंवा विषारी द्रव्ये साठवीत असते. ती पचविण्याची कला कीटकांना हजारो वर्षांच्या सहवासाने साधते. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरन फुलपाखराची अळी असते. पानाच्या मधल्या शिरेवर ती अशी काही पसरून बसते, की शीर कोणती आणि अळी कोणती हे डोळे ताणून पाहावे लागते. रुईच्या विषारी चिकावर प्लेन टायगरची अळी पोसते. ब्लू मॉर्मन या निळ्या-काळ्या मोठ्या फुलपाखराला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य होय. त्याची अळी माकडलिंबूसारख्या रानटी लिंबाच्या जातींवर वाढते. आपण डोंगरातील माकडलिंबू सरपणासाठी तोडला आणि परसात शोभेचा क्रोटन लावला, तर राज्य फुलपाखराचा मान कागदावरच राहील.

आणि ही अळी नुसती फुलपाखरासाठी नाही. दयाळ, शिंपी, बुलबुल यांची पिल्ले घरट्यात असतात तेव्हा त्यांना मऊ, पौष्टिक खाद्य लागते, आणि ते म्हणजे अळ्या व किडे. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लाला किडे भरविते. फुलातील मधावर जगणारा शिंजीरसुद्धा पिल्लांसाठी कोळी आणि लहान किडे शोधतो. तेव्हा कढीपत्त्याची दहा पाने गेली म्हणून औषधाचा फवारा मारणारा माणूस पाखरांच्या पिल्लांच्या तोंडचा घास काढून घेत असतो.

लावलेल्या झाडापासून माणसाने, पाखराने किंवा जनावराने जे खाल्ले ते लावणाऱ्याच्या खाती सदका म्हणून जमा होते, ही हदीस आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती सांगताना एवढेच लक्षात घ्यावे, की तिच्यात पाखराचाही उल्लेख आहे. मग झाड निवडताना, यावर पाखराला खावयास काय मिळेल, हा प्रश्न विचारणे ओघानेच आले.

परदेशी तेवढे वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. काजू हा मूळचा ब्राझीलचा. तो पोर्तुगिजांबरोबर आला आणि आज आपल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले, पण त्याचा पाला भातखाचरात उत्तम खत होतो. पोटाला आणि शेताला उपयोगी पडणारी झाडे जरूर ठेवावीत. माझे म्हणणे केवळ त्या जागेपुरते आहे, जी आपण शोभेसाठी राखतो आणि जिच्यात आज ड्युरंटा, क्रोटन व बाटली पाम यांची गर्दी झाली आहे.

कोणत्या जागी कोणते झाड?

समुद्राजवळच्या घरांपासून सुरुवात करू. खारा वारा आणि वाळू यांत सर्व झाडे टिकत नाहीत. तेथे पहिली रांग उंडी, भेंड आणि करंज यांची असावी. उंडीची पाने जाड, चकचकीत. फुले पांढरी, सुवासिक आणि मधमाश्यांच्या आवडीची. तिच्या बियांचे कडू तेल पूर्वी दिव्याला जाळीत आणि होड्यांना लावीत. फळावरचा गर वटवाघळे खातात व बिया दूरवर टाकतात. बी मात्र पोटात जाण्याजोगे नाही, हे मुलांना सांगून ठेवावे. भेंडाची पिवळी फुले संध्याकाळपर्यंत गुलाबी होतात. करंज उन्हाळ्याच्या तोंडाला थोडे दिवस पाने गाळतो, पण लगेच पालवतो. चक्रीवादळ अडवील असे झाड जगात नाही. परंतु उंच, मध्यम आणि बुटकी अशी झाडे एकामागे एक असली, तर रोजचा खारा वारा मोडतो आणि आतील कलमे तग धरतात.

घराजवळ बकुळ लावावी. ती हळू वाढते, हा तिचा दोष म्हणून सांगितला जातो. पण तिचा घेर आटोपशीर राहतो, सावली दाट पडते आणि फुलांचा वास सुकल्यावरही जात नाही. तिची पिकलेली नारिंगी फळे पाखरे आणि वटवाघळे खातात, आणि शाळेतून येणारी मुलेही. जागा थोडी ओलसर, सावलीची असेल, विशेषतः विहिरीच्या बाजूला, तर खरा अशोक, म्हणजे सीताअशोक लावावा. फेब्रुवारी ते एप्रिल त्याला शेंदरी फुलांचे गुच्छ येतात. बंगल्यांच्या कुंपणाला खांबासारखा उंच वाढणारा जो अशोक आपण लावतो, तो हा नव्हे, तो आसुपालव. सीताअशोक रानातून फार कमी झाला आहे आणि परसात वाढवून त्याला हातभार लावता येतो.

रातांब्याविषयी आपल्या गृहिणींना मी काय सांगावे? आमसूल आणि आगळ यांवाचून आपले कालवण होत नाही. हे झाड पश्चिम घाटाखेरीज जगात इतरत्र आपोआप उगवत नाही, इतके ते आपले आहे. त्यात नर व मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात आणि ते कळावयास सात-आठ वर्षे जातात. म्हणून फळासाठी कलम घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' व 'कोकण हातीस' अशा जाती काढल्या आहेत. आसपास एखादे नर झाड असले म्हणजे फळधारणेस मदत होते.

ज्यांच्याकडे जागा अधिक आहे, त्यांनी एक जांभूळ आणि एक सुरंगी अवश्य लावावी. सुरंगीची फुले फांद्यांच्या जुन्या लाकडावर दाटीने येतात. त्या दिवसांत झाडाखाली उभे राहिले की मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येतो. सिंधुदुर्गात तिच्या कळ्यांच्या वळेसरांवर कित्येक घरांना हंगामी मिळकत होते. फणस आपलाच आहे, पश्चिम घाटातला. त्याची शिफारस करण्याची गरज नाही.

कातळावर घर असणाऱ्यांची तक्रार असते, की येथे काही जगतच नाही. त्यांनी अंजनी पाहावी. माथेरान आणि महाबळेश्वर येथे जांभ्या दगडावर ती मुबलक आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातात आणि पुढे काळी फळे येतात, ती पाखरे टिपतात. तिच्या जोडीला करवंद.

करवंदाला मी कुंपणाचा राजा म्हणेन. गडग्याच्या आत चार-चार फुटांवर रोपे लावली, की तीन-चार पावसाळ्यांत अशी वई तयार होते, की तिच्यातून गुरू काय, कोंबडीही शिरणार नाही. फुले मोगऱ्यासारखी पांढरी, फळे एप्रिल-मेमध्ये. काट्यांच्या दाटीत बुलबुल निर्धास्तपणे घरटे करतो, कारण तेथे मांजराचा पाय पोचत नाही. भिंतीवर काचा लावण्यापेक्षा ही वई स्वस्त पडते. तिच्या आतल्या बाजूस कुंती, तांबडा बकोरा (ज्याला बागवाले इक्झोरा म्हणतात) आणि माकडलिंबू अशी झुडपे बसवावीत. कुंतीला पावसाळ्यात पांढरी सुवासिक फुले आणि नंतर लाल फळे येतात. बकोऱ्यावर ब्लू मॉर्मन मध घेण्यास येतो. फणसावर किंवा पोफळीवर मिरीचा वेल चढवावा. तोही सदाहरित, याच घाटातला आणि घरखर्चाला मदत करणारा.

राहिली वड आणि नांद्रुक ही मोठी झाडे. घरापासून आणि विहिरीपासून ती निदान पन्नास फूट दूर पाहिजेत, नाहीतर त्यांची मुळे भिंतीत शिरतात. पण गावाच्या सामाईक जागेत, शाळेच्या मैदानाच्या कडेला, कब्रस्तानच्या हद्दीवर ती असावीतच. त्यांच्या फळाची रचना मोठी नवलाची आहे. आपण ज्याला फळ म्हणतो, त्याच्या आत शेकडो बारीक फुले दडलेली असतात. एक अगदी चिमुकली गांधीलमाशी तोंडाच्या अरुंद भोकातून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. ती फुलांवर पराग टाकते, अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या मुली पराग घेऊन बाहेर पडतात व एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरे झाड गाठतात. त्या वेळी कोठेतरी दुसऱ्या झाडावर फळे कोवळी असलीच पाहिजेत. म्हणून या जातींची सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत, आज हे तर उद्या ते. याचा परिणाम असा, की रानात इतर काही नसेल तेव्हाही कोठला तरी वड किंवा नांद्रुक पिकलेला असतो. आपला राज्यपक्षी हरियाल, तांबट, कोकीळ आणि घाटाखाली जुन्या राया असलेल्या गावांत धनेशसुद्धा त्या फळांवर जगतो. शेजारच्या वाड्यांतील देवरायांनी आणि आपल्या जुन्या कब्रस्तानांनी अशी झाडे राखली, हे मोठे काम झाले आहे. साफसफाईच्या नावाखाली ती तोडली जाऊ नयेत, एवढे जमातींनी पाहावे.

वर्षभराचा घास

बाग आखताना दिनदर्शिका समोर ठेवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी, अंजनी व अशोक यांची फुले. एप्रिल-मेमध्ये करवंद, रातांबा, फणस. मे-जूनमध्ये जांभूळ. पावसाळ्यात कुंती व बकोरा यांची फुले, आणि कढीपत्ता व माकडलिंबू यांच्यावर अळ्या. पाऊस सरल्यावर सातवीण फुलते. तिचा वास रात्री फार उग्र असतो, म्हणून ती खिडकीपासून दूर असावी. अधल्यामधल्या रिकाम्या दिवसांना वड-नांद्रुक आहेतच. सगळी झाडे एका घरात मावणार नाहीत. पण मोहल्ल्यातील पाच घरांनी ठरवून वेगवेगळी लावली, तर पाखराला गडगे दिसत नाहीत. त्याच्या लेखी ती एकच बाग.

काही शंका

पालकांच्या मनात ज्या शंका असतात त्यांना बगल देऊन चालणार नाही. पहिली शंका सापांची. दाट झाडीत साप येऊ शकतो, हे खरे आहे. म्हणून करवंदाची वई दारापासून पंधरा-वीस फूट लांब ठेवावी, घराच्या भिंतीलगतची पट्टी झाडून स्वच्छ असावी, लाकडाचे व कौलांचे ढीग घराला टेकवून रचू नयेत आणि रात्री विजेरी घेऊनच बाहेर पडावे.

दुसरी शंका कचऱ्याची. पाला पडतो, तो रोज कोणी गोळा करावयाचा? तो जाळू नये. झाडाच्या बुंध्याभोवती पसरावा. ओल टिकते, खत होते आणि त्यात किडे-गांडुळे वाढतात. पावसाच्या तोंडावर आपल्या रानात येणारा नवरंग हा रंगीबेरंगी पक्षी जमिनीवरचा असाच पाला उलटून पोट भरतो. डासांची भीती मात्र पाल्यापेक्षा फुटक्या बादल्या, टायर आणि करवंट्या यांत साचलेल्या पाण्याची अधिक बाळगावी. पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवाल, तर ते एक दिवसाआड उपडे करून पुन्हा भरावे.

तिसरी शंका बांडगुळाची, आणि ती आंबेवाल्यांची आहे. बांडगूळ कलमाचे नुकसान करते, तेव्हा कलमावरचे काढलेच पाहिजे. परंतु एखाद्या जुन्या रानटी झाडावरचे राहू द्यावे. कॉमन जेझबेल हे पिवळ्या-तांबड्या पंखांचे फुलपाखरू त्यावरच वाढते.

बांडगुळावरून एका थोर माणसाची आठवण होते. डॉ. सालिम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. भारतातील पक्ष्यांचा अभ्यास त्यांनी सामान्य माणसापर्यंत नेला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९८७ मध्ये ते वारले. परंतु विद्यार्थी मित्रांनो, १९३० च्या सुमारास हा माणूस नोकरीवाचून होता. त्या काळात अलिबागजवळ किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे तासन्‌तास निरीक्षण केले. आणि १९३१ साली त्यांनी आपल्या कोकणातील बांडगुळावर निबंध प्रसिद्ध केला. शिंजीर त्या फुलांत चोच घालून परागीभवन कसे घडवितो आणि फुलटोच्या त्याची फळे खाऊन चिकट बिया फांदीवर कशा लावतो, हे त्यात त्यांनी मांडले. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. परसात दिसणारी गोष्ट चिकाटीने पाहणे आणि लिहून ठेवणे, एवढेच लागले. आपल्या परसात काही जिवंत असेल, तरच आपल्या मुलांना असे पाहता येईल. सिमेंटच्या ठोकळ्यांवर काय पाहणार?

लागवड

जागा एप्रिल-मेमध्ये आखावी आणि दोन फूट लांब-रुंद-खोल असे खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यावेत. जांभ्यावर पहारीने आणखी थोडे फोडावे लागेल. चांगली माती, शेणखत आणि पालापाचोळा यांनी खड्डा भरावा. जूनमधील पहिल्या दोन-तीन दमदार पावसांनंतर रोप लावावे, म्हणजे सप्टेंबरपर्यंत त्याची मुळे खाली जातात. वड, जांभूळ, फणस यांत तीस फुटांहून कमी अंतर नसावे. रातांब्याला वीस फूट पुरे. रोप उंच असण्यापेक्षा पिशवीत मुळांची गुंडाळी न झालेले असावे.

पहिले तीन उन्हाळे कठीण. आठवड्यातून एकदोनदा पाणी, बुंध्याभोवती पाल्याचा जाड थर, वर नारळाच्या झावळीची सावली आणि गुरांपासून रक्षण, इतके झाले की झाड आपले आपण पाहून घेते. जी मंडळी परदेशात आहेत, त्यांनी या तीन वर्षांपुरती शेजाऱ्याला किंवा गड्याला रीतसर मजुरी ठरवून द्यावी. दरवर्षी गुळगुळीत हिरवळीवर पाणी आणि पैसा ओतण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे. रोपे मोफत मिळत असतील, तर जे मिळेल ते न उचलता बकुळ, उंडी, करंज, जांभूळ अशी नावे सांगून मागावीत. मागणी झाली, तरच रोपवाटिकावाला ती तयार करील.

शेवटी संस्थेकडे एक मागणे आहे. आपल्या शाळांच्या आवारांत येत्या पावसाळ्यात प्रत्येक वर्गाने एक देशी सदाहरित झाड लावावे आणि त्याची एक वही ठेवावी. पालवी केव्हा आली, फूल केव्हा, फळ केव्हा, कोणता किडा, कोणते पाखरू, एवढेच तारीखवार लिहावे. वर्ग पुढे गेला की वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. दहा वर्षांनी त्या वह्यांत जे असेल, ते कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. शिक्षकांना त्यातून विज्ञान शिकविता येईल आणि मुलांना आपल्या गावाची नव्याने ओळख होईल.

आणि पालकांकडे मागणे इतकेच, की सिमेंटचे ठोकळे मागविण्याआधी परसातील एक कोपरा मोकळा ठेवा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद असला तरी पुरे. त्यात एक बकुळ, एक कढीपत्ता आणि कडेला चार करवंदे बसतात. बकुळीची दाट सावली मिळावयास दहा-बारा वर्षे लागतील; तोवर आज पाचवीत असलेले मूल पदवी घेऊन बाहेर पडलेले असेल. म्हणूनच ती या वर्षी लावली पाहिजे.